कोरोनात कोरोना सोडून घरातल्या म्हाताऱ्यांचं काय काय राहून गेलं?

सांजवारा

गेल्या आठवड्यात बाबांना घेऊन दादरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. बाकावर शेजारी बसलेल्या काकांनी बाबांच्या हातातली काठी बघून विचारलं, "तुमचाही वीस सालचा का?" मला कळेना. म्हणाले, "नजर तेव्हा गेली का? माझी तेव्हाच गेली."

बाबांना काचबिंदू आहे, २०१६ पासून. रोज रात्री एक थेंब आणि दर चार-पाच महिन्यांनी डोळ्याचं प्रेशर तपासायचं, एवढंच. नोव्हेंबर २०१९ मध्ये सगळं ठीक होतं. पुढची तारीख एप्रिल २०२०. मार्चमध्ये लोकल बंद झाली आणि डोंबिवलीहून दादर म्हणजे परदेश झाला. १ फेब्रुवारी २०२१ ला सगळ्यांसाठी दुपारी बारा ते चार लोकल उघडली, त्या आठवड्यात नेलं. उजव्या डोळ्याची बाजूची नजर गेली होती, डावाही पोखरला होता. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं.

मला खाणारी गोष्ट वेगळी आहे. त्याच काळात आमच्याकडे पेपर येणं बंद झालं होतं, आठवतंय ना? त्यामुळे बाबा पेपर वाचत नाहीत हे कुणाला खटकलंच नाही. जूनमध्ये पेपर पुन्हा सुरू झाला तर म्हणाले, "त्यात कोरोनाशिवाय काय असतं?" आम्ही हसलो. चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवायचे आणि सांडायचे, तेव्हा आई ओरडायची, "लक्ष कुठाय तुमचं!"

दवाखाने बंद, लोकल बंद हे सगळं खरं. पण बाबांना दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही ते मी. सरकारने सांगायच्या आधी मी कडी लावली होती. तुमच्याकडे असं काय राहून गेलं? कोरोनाने गेलेल्यांबद्दल खूप लिहून झालंय. मला कोरोना न होता झालेलं नुकसान ऐकायचंय.

ढब्बू_मिरची

आमच्या सासऱ्यांचं कानाचं मशीन. कानामागे मशीन, कानामागे चष्म्याची काडी, कानामागेच मास्कचं इलॅस्टिक. मास्क काढला की तिन्ही एकदम हातात. एकदा रेशनच्या रांगेत मशीन उडून पुढच्या बाईंच्या पिशवीत पडलं. त्या ओरडल्या, सासऱ्यांना अर्थातच ऐकू आलं नाही. :)

निंबोणी

ढब्बू, हसू आलं, पण ऐकू कमी येणारी बरीच माणसं ओठ बघून अर्धं समजून घेत असतात. मास्क आला आणि ती सोय गेली. माझ्या कित्येक पेशंटांना मी काय सांगतोय ते कळतच नव्हतं. मान मात्र हलवायचे.

(मी नाशिकला जनरल प्रॅक्टिस करतो. सवडीने सविस्तर लिहितो.)

बिनधास्त_बाळू

सगळी भीती टीव्हीवाल्यांनी घातली. आमच्या गावात म्हातारे रोज पारावर बसत होते. कुणाला काही झालं नाही. शहरवाल्यांनीच आईबापांना कोंडून मारलं.

कृष्णाकाठ

बाळूभाऊ, पहिल्या लाटेपुरतं बोलताय. आमच्या सांगलीकडच्या गावांत दुसऱ्या लाटेत पार रिकामे झाले, आणि सगळेच परत येऊन बसले नाहीत.

मूळ प्रश्नावर येतो. आजीची कवळी. एप्रिल २०२० मध्ये खालची कवळी मधोमध चिरली. दातांचे दवाखाने तर सगळ्यात आधी बंद झाले, कारण तिथे तोंड उघडूनच काम. दवाखाना मिळायला सहा महिने गेले. तोवर मऊ भात, पेज, दुधात कुस्करलेली चपाती. भाकरी नाही, शेंगदाणे नाहीत, उसळ नाही. साडीच्या निऱ्या दोन जास्त पडायला लागल्या तेव्हा आईच्या लक्षात आलं. नवी कवळी करायला गेलो तर हिरड्या इतक्या आत गेल्या होत्या की बसेचना. आजी पुढे दोन वर्षांनी गेली, न्यूमोनियाने. त्याचा कवळीशी संबंध लावायला मी डॉक्टर नाही. पण भाकरी बंद झाली त्या दिवसापासून ती उतरणीला लागली, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

माडबन

आमचं दुखणं भूगोलाचं. सिंधुदुर्गातल्या माणसाला जरा मोठं काही झालं की गाडी सरळ बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजात. मुंबई कुठे आणि कोल्हापूर कुठे? घाट चढेपर्यंत माणूस जायचा. लॉकडाऊनमध्ये बांद्याच्या पुढे हद्द बंद. मामांच्या हृदयाची तपासणी तिथेच चालू, फाईल तिथे, डॉक्टर तिथे. रक्त पातळ करायची गोळी चालू होती. तिला ठरावीक दिवसांनी रक्त तपासून डोस कमीजास्त करावा लागतो. तीन महिने अंदाजाने तोच डोस. एक दिवस हिरड्यांतून रक्त थांबेना, तेव्हा कुठे कुडाळला धावपळ.

नकाशावरची ती रेघ एरवी आम्हाला दिसतही नाही हो. पलीकडे सोयरिकी, बाजार, जत्रा सगळं. २०२० मध्ये पहिल्यांदा दिसली.

सुपारी

सासूबाईंना स्मृतिभ्रंश. आम्ही मुलुंडला. आठवड्यातून तीन दिवस त्या एका डे-केअर केंद्रात जायच्या. गाणी, मणी ओवणं, थोडं चालणं. ते बंद झालं आणि दीड महिन्यात त्या मला ओळखेनाशा झाल्या. मास्क लावून खोलीत गेले की "चोर आला" म्हणून किंचाळायच्या. मास्क काढावा तर मी बँकेत कामाला, रोज शंभर माणसांत. शेवटी दारातून मास्क खाली करून चेहरा दाखवायचा, "मी आहे हो आई" म्हणायचं, आणि परत वर. दिवसातून दहा वेळा.

पुढे त्या अंथरुणाला खिळल्या. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली, पण केंद्रावर न्यायचं कसं? घरी येऊन लस द्यायला केंद्र सरकार तेव्हा नाही म्हणत होतं, प्रकरण हायकोर्टात गेलं होतं. मुंबईत अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी लस सुरू झाली ती जुलै संपता संपता. ज्यांना सगळ्यात आधी हवी होती त्यांना पाच महिने उशिरा.

पल्याड

न्यू जर्सीहून. आई साताऱ्यात एकटी, बाबा २०१८ मध्ये गेले. मार्चअखेर विमानं बंद झाली तेव्हा मी तिकीट काढून बसलो होतो. रोज रात्री व्हिडिओ कॉल. किराणा, औषधं सगळं इथून मागवत होतो आणि स्वतःवर खूश होतो, की बघा, काही अडत नाही.

फोनमध्ये फक्त चेहरा दिसतो. आईचे पाय सुजले होते. पोटऱ्यांपर्यंत. शेजारचा मुलगा दूध द्यायला आला तेव्हा त्याने बघितलं आणि मला मेसेज टाकला, "काकूंच्या चपला पायात जात नाहीयेत." हृदय नीट पंप करत नव्हतं. वेळेत कळलं, आई आज ठीक आहे. पण त्या दिवसापासून मी कॉलवर आधी पाय दाखवायला सांगतो. ती म्हणते, "पाया पडायचं असेल तर ये इकडे."

ढब्बू_मिरची

पल्याड, आईंना आमचा दंडवत. फोनवरूनच.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडं अमरावतीत फेब्रुवारी २०२१ लेच पुन्हा लॉकडाऊन लागला होता ना भाऊ, बाकी महाराष्ट्राच्या आधी.

गावात सांगाचं तर आशाताई होती म्हणून काही तरी होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ते 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं तवा ताई घरोघरी. ताप पाह्यला, बोटाले ते ऑक्सिमीटर लावलं, शुगर हाये का, बीपी हाये का, सारं लिहून नेलं. आमच्या आबाले बीपी हाये हे तवाच पहिल्यांदा लिहिल्या गेलं. बरं वाटलं. मंग गोळीचं काय? उपकेंद्रात साठा नाई. तालुक्याले जाव तर एसटी धड नाई. वहीत नाव गेलं, गोळी काही आली नाई. ताईचा दोष नाई, तिले सोताचाच मास्क धुऊन धुऊन वापरा लागे.

निंबोणी

आता सविस्तर. थोडं डॉक्टरांच्या बाजूनेही ऐका.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये आमच्याकडे पीपीई किट नव्हते. मी रेनकोट घालून पेशंट तपासलेत, नाशिकच्या एप्रिलमध्ये. माझ्या ओळखीचे साठी उलटलेले डॉक्टर होते, त्यांना घरच्यांनी दवाखाना उघडू दिला नाही, आणि त्यात काय चूक? म्हातारे पेशंट आणि त्यांचे म्हातारे डॉक्टर, दोघेही घरात. तीस वर्षं एकाच डॉक्टरकडे जाणाऱ्या माणसाला दुसरीकडे जा म्हटलं की तो कुठेच जात नाही.

फोनवर तपासण्याचे नियम सरकारने २५ मार्च २०२० ला काढले. त्याआधी फोनवर औषध सांगणं कायद्याने बसतं की नाही हेच नक्की नव्हतं. नियम आले, बरं झालं. पण फोनवर पोट दाबून बघता येत नाही, पायाचा वास येत नाही. एक आजी फोनवर म्हणाल्या, "पायाला चप्पल चावलीये, मलम सांगा." मधुमेह वीस वर्षांचा. मी म्हटलं फोटो पाठवा, तर नातवाने पाठवला, अंधुक, बोटाच्या वरच्या बाजूचा. जखम खाली होती. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा अंगठा वाचवता आला नाही. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

आणि मोठ्या हॉस्पिटलांचं "आधी कोविडचा रिपोर्ट आणा" हे तर होतंच. टेस्ट सुरुवातीला ४५०० रुपये, जून २०२० मध्ये महाराष्ट्रात २२०० वर आली. रिपोर्टला दोन दिवस. डायलिसिसवाल्याला दोन दिवस थांब म्हणणार?

सांजवारा, काचबिंदूत बहुतेकदा बाजूची नजर आधी जाते, समोरचं बराच काळ दिसत राहतं. त्यामुळे पेशंटला स्वतःलाही कळत नाही. स्वतःला फार लावून घेऊ नका.

गवतीचहा

आईला संधिवात, गाठीचा. ती बारा वर्षं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेते. मार्च २०२० मध्ये ते कोरोनावरचं औषध म्हणून गाजलं आणि दुकानांतून नाहीसं झालं. ज्यांना काही झालेलं नाही त्यांनी घरात पत्ते भरून ठेवले. आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याने हात वर केले. आईच्या हाताची बोटं सकाळी उघडायची नाहीत, पोळपाट धरता येईना. मी अकरा दुकानं फिरले. पुढे कळलं की आमच्याच मजल्यावरच्या एका गृहस्थांकडे चार पत्ते "असू द्यावेत" म्हणून होते. मागितले तर म्हणाले, "आम्हाला लागले तर?"

लिफ्टमध्ये भेटतात अजून. मी जिन्याने जाते.

बिनधास्त_बाळू

हे मात्र वाईट. असल्यांची नावं सोसायटीच्या बोर्डावर लावली पाहिजेत.

संपादक मंडळ

नावं कुठेच लावू नका, इथेही नाही. चर्चा छान चालली आहे, चालू द्या.

टाचणी

जरा कोरडं लिहितो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २० आहे. सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांना शक्यतो खाटा, वेगळी रांग वगैरे. कागदावर चांगलं आहे. महामारीत वेगळी रांग कसली, रांगच नव्हती.

विम्याचंही तेच. १ एप्रिल २०२० ला 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी आली, नवीन घ्यायची वयोमर्यादा पासष्ट. आणि त्याच दिवसांत पासष्टीवरच्यांना सांगत होते की तुम्हाला धोका सर्वांत जास्त! सत्तरीवरच्या सगळ्यांसाठी आयुष्मान कार्ड आलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. तेही भरती झाल्यावर. इथे आतापर्यंत जे जे लिहिलं गेलंय, कवळी, कानाचं मशीन, डोळ्याचे थेंब, त्यातलं काय भरती होऊन होतं?

कृष्णाकाठ

टाचणी, मुद्दा बरोबर टोचलात. आजीची कवळी आम्ही खिशातूनच केली.

खोडकर_आजोबा

वय वर्षे ७८, मुक्काम सहकारनगर, पुणे. धागा दोन दिवस वाचतो आहे. सगळे "आमच्या आजी", "आमचे बाबा" लिहीत आहेत. म्हटलं, एका प्रत्यक्ष म्हाताऱ्यानेही लिहावे.

मे २०२० मध्ये मी बिल्डिंगखालच्या बाकावर दहा मिनिटे बसलो. वर येईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर माझा पाठमोरा फोटो आणि खाली प्रश्न, "हे कोणाचे आजोबा आहेत?" जणू हरवलेली सायकल. चिरंजीवांनी माफी मागितली. माझी नव्हे, ग्रुपची.

आता मुद्द्याचे. मला प्रोस्टेटचा त्रास. रात्रीतून सहा वेळा उठायचो. चिरंजीवांनी मोठ्या हौसेने व्हिडिओवर डॉक्टर ठरवून दिले. फोन सूनबाईंचा, कारण त्याचा कॅमेरा चांगला. नेट फक्त हॉलमध्ये धड चालते. हॉलमध्ये नातीचा ऑनलाइन वर्ग. डॉक्टर तरुण मुलगी. विचारते, "काका, लघवीची धार कशी आहे?" मी म्हणालो, "उत्तम." आणखी काय म्हणणार? सूनबाई फोन धरून उभ्या होत्या हो! पंधरा दिवसांनी रात्री दोन वाजता लघवी पूर्ण अडली. रुग्णवाहिका, नळी, सगळे यथासांग झाले. हॉस्पिटलात जायला नको म्हणून लपवले आणि हॉस्पिटलातच गेलो.

सांगायचे असे की दवाखाने बंद होते हे अर्धे खरे. उरलेले अर्धे आम्ही झाकले. तुम्ही मास्क, सॅनिटायझर, भाजी धुणे, घरून काम, पोरांच्या शाळा यांत पिचलेले दिसत होता. त्यात आपले गुडघे कुठे काढायचे? शिवाय तोंड उघडले की "बाबा, आत्ता हॉस्पिटलात जाणं किती रिस्की आहे माहितीये का?" हे भाषण. सांजवारा, तुमच्या बाबांना एकदा विचारा. त्यांना दिसत नव्हते हे त्यांना ठाऊक नव्हते, यावर माझा विश्वास नाही.

सुपारी

आजोबा, "हरवलेली सायकल" वाचून हसले आणि मग हसू गेलं. आम्हीही तेव्हा ग्रुपवर असे फोटो टाकलेत.

पल्याड

आजोबा, आता कोण फोन धरतं?

खोडकर_आजोबा

स्वतःचा घेतला. दार लावून बोलतो. सूनबाईंना वाटते कोणीतरी मैत्रीण आहे.

ढब्बू_मिरची

धागा इथेच संपला असं जाहीर करा, याच्यावर काही नाही.

निंबोणी

आजोबांचं अगदी खरं. आता मी व्हिडिओवर आधी विचारतो, "खोलीत आणखी कोण आहे?" हे कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं.

सांजवारा

काल रात्री विचारलं. आई झोपल्यावर, गॅलरीत.

आधी म्हणाले, "आता काय उकरून काढायचं." मग बोलले. मे महिन्यातच कळलं होतं. जिना उतरताना उजव्या बाजूने कुणी आलं की एकदम अंगावर आल्यासारखं वाटायचं. आईच्या पोथीत एक ओळ संपून डोळा खाली नेला की पुढची ओळ सापडायची नाही, बोट ठेवून वाचायचे. पेपर बंद झाला तर सुटल्यासारखं वाटलं म्हणाले. कुणी काही विचारायचं नाही.

मग थेंबांचं निघालं. एप्रिलमध्ये स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये त्यांची बाटली मिळाली नव्हती, कल्याणला मिळेल म्हणाले होते. माझ्या कानावर घातलंच नाही. घरात एकच बाटली होती. मी तेव्हा रोज कामावर जात होतो, अत्यावश्यक सेवेत, आणि घरी आलो की बाहेरच अंघोळ करून आत यायचो. ते म्हणाले, "तुला आणखी कल्याणला पाठवायचं आणि तू आजार घेऊन आलास तर? तुझी पोरं लहान." म्हणून एक दिवसाआड थेंब. मग दोन दिवसांआड. एक बाटली जूनच्या शेवटापर्यंत पुरवली. पुरवली हा त्यांचाच शब्द, आणि जरा अभिमानानेच म्हणाले.

मी पाच वर्षं समजत होतो की तपासणी चुकली म्हणून नजर गेली.

गवतीचहा

काय लिहू कळत नाही, सांजवारा.

वऱ्हाडी_ठेचा

बाबाले नमस्कार सांगजा.

माडबन

हे वाचून आत्ता मामांना फोन केला. गोळ्या आहेत म्हणाले. म्हटलं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरा. तीनच होत्या.

कृष्णाकाठ

निंबोणी डॉक्टर, अवांतर वाटेल पण विचारतो. माझ्या वडिलांनाही गेल्या वर्षीपासून काचबिंदूचे थेंब आहेत, रात्री एक. ते बाटली देवघरात ठेवतात, म्हणजे विसरत नाही म्हणून. फ्रीजमध्ये ठेवायला हवी का? आणि एक बाटली दोन महिने जाते त्यांना, चालतं का?

निंबोणी

हे थेंब वेगवेगळे असतात, बाटलीवरचं वाचा आणि तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. रात्री एकदाच घालायचे त्यातले काही न उघडलेले फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, उघडल्यावर बाहेर चालतात, पण देवघरात समईच्या शेजारी नकोत. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहून ठेवा. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून साधारण महिन्याभरात टाकायच्या असतात, आत थेंब उरले असले तरी. दोन महिने जात असेल तर एक तर जुने थेंब घालताहेत, नाही तर मधले दिवस गाळताहेत.

कृष्णाकाठ

बाटली बघितली. तारीख नाही. वडील म्हणतात, "अजून आहे की त्यात."